मालवण हे मच्छीमारांचं गाव पर्यटनस्थळ कसं झालं? मूळच्या मच्छीमारांचं पुढे काय झालं?

बहुतेक जण याचं उत्तर 'कोकण रेल्वेमुळे' असं देऊन मोकळे होतात. पण मालवणला आजही रेल्वे स्टेशन नाही. कुडाळला किंवा कणकवलीला उतरायचं आणि पुढे एसटी नाहीतर रिक्षा. मी इथलाच, आणि माझं मत असं की मालवण बदललं ते रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याला, मासळी लागेनाशी झाली म्हणून.

जुना इतिहास तुम्हाला कुठेही मिळेल. 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला, 1812 मध्ये मालवण इंग्रजांकडे गेलं. या सगळ्यात किनाऱ्यावरच्या गाबीत मच्छीमारांच्या वस्तीचं पोट मात्र समुद्रावरच राहिलं.

त्यातली मुख्य मासेमारी रापणीची. होडी जाळं सोडत अर्धगोल फिरून परत येते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणि दोन्हीकडे वीस-पंचवीस माणसं वाळूत टाचा रोवून ओढतायत. यात मालक-नोकर असा प्रकार नाही, सगळा हिशोब वाट्यांचा. दोराला हात लावणारा शेजारीही चार बांगडे घेऊनच घरी जायचा.

मग ट्रॉलर, म्हणजे जाळं ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटी आल्या, त्यांच्यामागून पर्ससीन, म्हणजे अख्खा थवा घेरून उचलणारी मोठी जाळी. बांगड्याचा थवा किनाऱ्याला लागण्याआधीच बाहेरच्या बाहेर उचलला जाऊ लागला. यावरून भर समुद्रात मारामाऱ्या झाल्या. सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले 2016 मध्ये, तोवर बरीच वर्षं गेली होती.

याच काळात 1997 साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला आणि 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. दांडी, तारकर्ली, देवबागच्या लोकांनी घरातली एक खोली रंगवली, संडास-बाथरूम बांधलं आणि 'न्याहारी-निवास'चा बोर्ड लावला. जेवण घरच्या बाईच्या हातचं. मुंबई-पुण्याचा माणूस किल्ल्यासाठी आला तरी परत येतो तो त्या सोलकढीसाठी, हे आमच्या बायकांनी सरकारच्या आधी ओळखलं. जाळ्याच्या होड्या किल्ल्याच्या फेऱ्या मारू लागल्या, पुढे पोरं स्कुबा शिकली.

गंमत म्हणजे 1987 मध्ये याच भागात सागरी अभयारण्य जाहीर झालं, तेव्हा मासेमारी बंद होईल या भीतीने मच्छीमारांनी कडाडून विरोध केला होता. आज त्याच खडकांवरचे प्रवाळ दाखवून त्यांच्या मुलांची घरं चालतात.

म्हणजे मच्छीमार इथून उठला नाही, पण सगळ्यांचं भलं झालं असंही नाही. ज्याचं घर समुद्राला लागून त्याची चांदी, मागच्या गल्लीतला अजून खलाशी म्हणूनच जातो. चांगली सुरमई, सरंगा लिलावातून थेट हॉटेलात, आमच्या ताटात पेडवे. आणि खरी अडचण पावसाळ्याची. जून-जुलैत यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी, किल्ल्याची होडी आणि स्कुबाही मेअखेरपासून ऑगस्टपर्यंत बंद. पूर्वी मासळी नाही मिळाली तर शेती तरी असायची. आता बऱ्याच जणांनी त्या जागेवर कर्ज काढून खोल्या बांधल्यात, आणि बँकेचा हप्ता काही पाऊस बघून थांबत नाही.

रापण अजून लागते. बघायची असेल तर दिवाळीच्या आसपास सकाळी लवकर दांडीला या. दोर ओढायला कोणी नको म्हणणार नाही, फक्त सेल्फीसाठी मध्येच सोडून देऊ नका.