वडिलांना डिमेन्शिया आहे, आम्ही निपाणीचे. पुण्यातल्या सेंटरमध्ये ठेवावं की बेळगाव-धारवाडकडे?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: वडील ७६ वर्षांचे, निपाणीत मराठी शाळेत गुरुजी होते. अल्झायमर मधल्या टप्प्यात आहे. मध्यरात्री 'शाळेला उशीर झाला' म्हणून कडी काढतात. आईंचे गुडघे गेलेत आणि तुम्ही पुण्यात नोकरीला. सेंटर कुठलं निवडावं, हा प्रश्न.

मला विचाराल तर इमारत, बाग, टीव्हीचा हॉल हे सगळं शेवटी बघा. आधी एकच विचारा: रात्रपाळीला माणसं किती असतात, आणि ती कोणत्या भाषेत बोलतात?

आम्ही बेळगावच्या वडगावातले. माझ्या सासूबाईंचं माहेर बैलहोंगलकडचं, कन्नड. लग्न होऊन आल्यावर पुढचं सगळं आयुष्य मराठीत गेलं, अगदी भांडणंसुद्धा. आजार वाढला तशी मराठी मागे पडली आणि माहेरची कन्नड तेवढी उरली. नंतर शिकलेली भाषा आधी जाते, असं डिमेन्शियात बऱ्याचदा दिसतं. सगळ्यांचंच तसं होतं असं नाही. आम्ही पुण्यातली दोन नावाजलेली सेंटरं पाहिली होती, पण शेवटी धारवाडकडे ठेवलं, कारण तिथल्या मावशी 'बर्री, कुंदर्री' (या, बसा) म्हटल्या की सासूबाई बसायच्या. तेच आम्ही मराठीत सांगितलं तर उठून दाराकडे जायच्या. नातेवाइकांना हा निर्णय पटला नव्हता, पुण्याला उपचार चांगले वगैरे. पण या आजारात रोजचा बराचसा उपचार म्हणजे कोणीतरी समजेल असं बोलणं, भरवणं, आंघोळीला राजी करणं.

तुमचं उलट आहे. गुरुजींची भाषा मराठी, त्यामुळे धारवाड-हुबळीकडे जिथे सगळा स्टाफ कन्नड आहे तिथे मी ठेवणार नाही. पण पुणे म्हटलं की मराठी, असंही धरून चालू नका. तिथल्या बऱ्याच सेंटरमध्ये काम करणारी मुलं परराज्यातून आलेली असतात, हिंदीत बोलतात. मॅनेजर आणि डॉक्टर मराठी असतात, पण रात्री दोन वाजता कडीपाशी ते नसतात. आणि तुमच्या यादीत कोल्हापूर कसं नाही? निपाणीहून ते चाळीसेक किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळपास दुप्पट, पुणे तर अडीचशेच्या वर. कोल्हापुरात चांगली सोय मिळाली तर आई एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येऊ शकतील. पुण्यात ठेवलंत तर भेटायला तुम्ही एकटेच, तेही ऑफिसमधून सुटल्यावर. तुम्हाला खरंच किती वेळा जमेल हे स्वतःशी ठरवा. घरचं माणूस केव्हाही येऊन टपकतं, हे माहीत असलं की स्टाफचं लक्ष वेगळं असतं.

बघायला जाल तेव्हा सकाळी अकराची ठरलेली वेळ घेऊ नका. तेव्हा सगळे आंघोळ करून, पावडर लावून बसवलेले असतात. संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान न सांगता जा. दिवस कलला की या पेशंटची घालमेल वाढते, घरी जायचं म्हणून हट्ट सुरू होतो. नेमकी तीच वेळ बघायची. कोणी आजोबा दाराशी आले तर मामा काय करतो? एका ठिकाणी मी पाहिलं, त्या मुलाने नुसतं विचारलं, 'कुठं निघालासा आण्णा? चहा घेऊन जावा की.' आजोबा चहा प्यायले आणि जायचं विसरले. दुसऱ्या एका ठिकाणी, नाव सांगत नाही, दंडाला धरून खोलीत नेलं आणि बाहेरून कडी लावली. तिथली फरशी चकचकीत होती, हेही सांगून ठेवते.

बांधून ठेवण्याबद्दल तोंडावर विचारा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे अशा संस्थेत पेशंटला बांधणं हे फक्त तातडीची इजा टाळायला दुसरा उपायच नसेल तेव्हा, आणि मनोविकारतज्ज्ञांच्या परवानगीनेच करता येतं. माणसं कमी आहेत म्हणून बांधायचं नाही, हे त्यात वेगळं लिहिलंय. 'आमच्याकडे रात्री थोडं बांधतो, पडू नयेत म्हणून' असं कोणी सहज म्हणालं तर उठून या. तसंच गोळ्यांचं. शांत ठेवणाऱ्या काही मानसिक औषधांनी डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिलाय. कधीकधी ती द्यावी लागतात, पण कोण लिहून देतं, किती दिवसांनी परत तपासतात, आणि सुरू करण्याआधी घरी कळवतात का, हे विचारायचं.

साध्या वृद्धाश्रमाच्या भानगडीत पडू नका. बरेचसे डिमेन्शियाचा पेशंट घेतच नाहीत, आणि जे घेतात त्यांच्याकडून काही दिवसांत 'घेऊन जा' म्हणून फोन येतो.

पैशांत महिन्याची फी हा एक भाग झाला. डायपर, औषधं, फिजिओ, डॉक्टरची व्हिजिट हे फीमध्ये आहे की वेगळं? पडून हाड मोडलं तर कोणत्या दवाखान्यात नेणार आणि तिथे सोबत कोण राहणार? आणि सगळ्यात महत्त्वाचं, उद्या ते अंथरुणाला खिळले किंवा गिळता येईना झालं तर ठेवणार की परत पाठवणार? उत्तर करारात लिहून घ्या. आधी पंधरा दिवस-महिनाभर ठेवून बघता येतं का तेही विचारा. तेवढ्यात आईंना झोप तरी मिळेल.

एक गोष्ट मात्र याआधी करा. हे रात्रीचं उठणं हळूहळू वाढलंय की गेल्या काही दिवसांत एकदम? एकदम असेल तर लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, नवीन सुरू झालेली एखादी गोळी, यांपैकी काही निघू शकतं आणि बरंही होतं. बी-१२ आणि थायरॉईड तपासलं नसेल तर तेही. धारवाडची डिमहान्स ही मानसिक आणि मेंदूच्या आजारांची सरकारी संस्था याच कामाची आहे, तिथे एकदा दाखवून औषधं नीट लावून घेता येतील. फोनवर बोलायचं झालं तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, ज्येष्ठांसाठी १४५६७.

आणि कागद. वडील अजून समजून सही करू शकत असतील तर पेन्शनचं खातं आईंबरोबर जॉइंट करायचं बँकेत याच आठवड्यात विचारा. नुसत्या मुखत्यारपत्रावर विसंबू नका. देणाऱ्याची समज गेली की कायद्याने ते संपतं. मग पालक नेमून घ्यायला हायकोर्टात जावं लागतं, आपल्या भागासाठी धारवाड खंडपीठ. हयातीच्या दाखल्यासाठी बोटांचे ठसे जुळत नसतील तर आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं, ते सेंटरमध्ये जाऊन करता येईल.

दाखल करताना पानभर लिहून द्या: त्यांना 'गुरुजी' म्हणायचं, चहा बिनसाखरेचा, आंघोळ संध्याकाळी नको, शाळेला उशीर झाला म्हणाले तर 'आज सुट्टी आहे' सांगायचं. आमच्याकडे ते पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं, पाळी बदलली की नवीन मावशी वाचायच्या.

पैसे भरण्याआधी आईंना एकदा ती जागा दाखवा. त्यांना नाही पटली तर त्या आठवड्याभरात वडिलांना परत घेऊन येतील, आणि फॉर्मवर सही तुमची असेल.