अश्वगंधा: झाड माजलं, पण मूळ भरलं नाही

वाशीम जिल्ह्यातल्या एका शेतकरी बंधूंनी विचारलंय: भारी काळ्या रानात अश्वगंधा जुलैच्या पावसावरच पेरली, युरिया टाकला, तीन पाणी दिले. झाडं कंबरेला लागली, पण उपटून बघितलं तर मूळ सुतळीएवढं आणि फाटे फुटलेलं. आणखी दोन महिने रानात ठेवलं तर भरेल का?

नाही भरणार दादा, उलट आत लाकूड धरेल. पानं सुकायला लागली आणि फळं लाल झाली की काढणी उरकून घ्या. साधारण 150 ते 180 दिवसांत पीक येतं. वाळलेलं मूळ बोटांनी मोडून बघा. कट्‌कन तुटलं आणि आत पांढरं पिठूळ दिसलं तर चांगला भाव. तुटताना धागे लोंबले, तर व्यापारी ते खालच्या प्रतीत टाकणारच.

तुमचं कुठं चुकलं म्हणाल, तर लाड जास्त झाले. हे पीक हलक्या, मुरमाड, पाणी न थांबणाऱ्या रानाचं. मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे ते बहुतेक पावसाच्या उरल्यासुरल्या ओलीवरच घेतात. काळ्या रानात पाणी तुंबलं की मूळ कुजतं, आणि नत्र वाढलं की सगळा जोर पाल्यात जातो. पुढच्या वर्षी बरड तुकडा निवडा. पेरणी ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात, पाऊस ओसरताना करा. बी बारीक असतं, वाळू मिसळून वरच्यावर पेरा. दोन ओळींत 20 ते 25 सेंटिमीटर ठेवा आणि महिन्याभरात विरळणी करून दोन रोपांत 8 ते 10 सेंटिमीटर राखा. दाट राहिलं की मूळ पोसत नाही, आणि विरळणी नेमकी लोक टाळतात. खत द्यायचंच तर हेक्टरी 15 किलो नत्र, तितकंच स्फुरद, बास. वांगी, मिरची, टोमॅटो झालेल्या रानात मात्र नको, अश्वगंधा आणि ही सगळी एकाच कुळातली. मर रोग आणि मुळांना लागणारे सूत्रकृमी तिथं आधीच ठाण मांडून असतात.

रोही (नीलगाय) सहसा याला तोंड लावत नाही, म्हणून बांधाला लागून जंगल असलेले बरेच जण या पिकाकडे वळतायत. कारण रास्त आहे.

अकोल्याकडच्या एका ताईंचा प्रश्न: एक माणूस घरी येऊन अश्वगंधाची रोपं देतो म्हणतोय, माल परत घेण्याची हमीही देतो. घ्यावीत का?

ताई, रोपं विकत घ्यायची गरजच नाही. फोकून पेरलं तरी हेक्टरी 10 ते 12 किलो बियाण्यात काम होतं. ‘पोषिता’ किंवा ‘जवाहर असगंध-20’ वाणाचं बी खात्रीच्या ठिकाणाहून आणा. हमीचं म्हणाल तर करारात दर, प्रतवारी आणि पैसे कधी मिळणार हे लिहून मागा. लिहून द्यायला का-कू केली तर आगाऊ एक रुपयाही देऊ नका. नीमच मंडीचा त्या आठवड्याचा दर फोनवर विचारा, वाहतूक-आडत वजा करा, आणि पहिल्या वर्षी अर्ध्या एकरावरच करून बघा.