जर्मनीला खरंच आपले टर्नर-फिटर पाहिजेत का?

ताई, तुम्ही लिहिलंय की भाऊ 29 वर्षांचा आहे, आयटीआय टर्नर, सात वर्षं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) काम करतोय, आणि एक एजंट म्हणतोय जर्मनी सरकारच माणसं बोलावतंय, स्टुटगार्टला लावतो, साडेतीन लाख द्या. हे खरं की फसवणूक? तर सरकार बोलावतंय हे खरं आहे, पण साडेतीन लाख कुणाच्या हातात ठेवू नका. जरा सविस्तर लिहितो कारण माझा धाकटा भाऊ याच वाटेनं गेलाय आणि आम्ही दोघांनी त्यात दीड वर्ष घातलंय.

तिकडं जुने कामगार रिटायर होतायत आणि त्यांच्या मागं तेवढी पोरंच नाहीत. स्टुटगार्टच्या भोवती सगळं गाड्यांचं आणि मशीन टूलचं काम, म्हणजे आपलं उद्यमबाग-मच्छेच समजा पण कैक पटीनं मोठं. म्हणून मार्च 2020 पासून त्यांनी कुशल कामगारांसाठी वेगळा कायदा लागू केला, 2023-24 मध्ये तो अजून सोपा केला, आणि ऑक्टोबर 2024 ला त्यांचे तेव्हाचे चान्सलर ओलाफ शोल्झ दिल्लीला आले तेव्हा भारतीय कुशल कामगारांचे व्हिसा वर्षाला 20,000 वरून 90,000 पर्यंत नेणार असं जाहीर झालं. फेब्रुवारी 2024 ला महाराष्ट्र सरकारनंही बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी करार केला, स्टुटगार्ट त्याच राज्याची राजधानी. आता हद्दीपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगडवाल्याला करार आणि आपण अलीकडं कर्नाटकात बसून बघायचं, असं मलाही वाटलं होतं, वाईट वाटलं होतं. पण जर्मनीचा कायदा तुम्ही भारतातल्या कुठल्या राज्यातले हे विचारतच नाही. आणि कर्नाटक सरकारचंही इंटरनॅशनल मायग्रेशन सेंटर आहे बेंगळुरूला, तिथं चौकशी करा.

आता तुमच्या भावाचं. एक रस्ता म्हणजे चान्सनकार्ट (संधी-कार्ड), जून 2024 पासून सुरू झालंय, त्यात नोकरी हातात नसताना जाऊन वर्षभर शोधता येते. सहा पॉइंट लागतात. 35 च्या आतला म्हणून 2, गेल्या सात वर्षांत पाच वर्षं आपल्याच ट्रेडचा अनुभव असेल तर 3, जर्मन भाषेची ए-टू म्हणजे दुसरी पातळी झाली की 1, झाले सहा. पण तिथं राहायचा खर्च आधी दाखवावा लागतो, 2025 ला महिन्याला 1,091 युरो धरत होते, वर्षाचे आपले बारा-तेरा लाख होतात आणि ते खात्यात ब्लॉक करून ठेवायचे. आपल्यासारख्या घरातनं हे कुठनं आणणार? म्हणून मी दुसरा रस्ता सांगेन, मार्च 2024 पासून आहे. त्याला अनेरकेन्नुंग्स-पार्टनरशाफ्ट म्हणजे मान्यतेची भागीदारी म्हणतात. आधी तिथल्या कंपनीचं काँट्रॅक्ट मिळवायचं, ए-टू करायचं, आणि सर्टिफिकेटची मान्यता तिथं पगारावर काम करत करत पूर्ण करायची, त्याला तीन वर्षांपर्यंत मुदत मिळते. आपला टर्नर दोन वर्षांचा कोर्स म्हणून यात बसतो, वेल्डरचा एक वर्षाचाच, तो बसत नाही, माझ्या भावाच्या मित्राचं तिथंच अडलं. कायदा देशाचा असला तरी परमिट देतं ते तिथल्या शहराचं किंवा जिल्ह्याचं परदेशी नागरिकांचं ऑफिस, आणि कंपनीनं 411 युरो भरून तिकडनं फास्ट प्रोसेस सुरू केली तर व्हिसाची अपॉइंटमेंट लवकर मिळते. कंपनीशी बोलताना हे नक्की विचारा.

पण ताई खरी अडचण कागदाची आहे. माझ्या भावाची पहिली तीन वर्षं एका छोट्या वर्कशॉपमध्ये गेली, पगार पाकिटातनं, पीएफ नाही, हजेरी एका वहीत. नंतर अनुभवाचं पत्र मागायला गेलो तर मालक म्हणाला तोंडी कुणालाही सांगतो पण लिहून देणार नाही, लिहून दिलं की मागचा पीएफ अंगावर येणार. माणूस वाईट नव्हता, काम त्यानंच शिकवलं, पण त्या दिवशी भाऊ घरी येऊन जेवला नाही. दहा वर्षं मशीनवर उभा राहिलेला पोरगा कागदावर सात वर्षांचा झाला. न्युर्नबर्गला आयएचके फोसा म्हणून संस्था आहे, ती आपलं सर्टिफिकेट त्यांच्या साडेतीन वर्षांच्या कोर्सशी ताडून बघते आणि जे कमी पडतं ते अनुभवातनं भरून काढते, पण अनुभव कागदावर असेल तरच. म्हणून पत्रात नुसतं 'काम केले, वर्तणूक चांगली' असं नको, कुठलं मशीन, कंट्रोलर फॅनुक की सिमेन्स, सेटिंग स्वतः करतो का, ड्रॉइंग वाचतो का, कुठलं मटेरियल, किती मायक्रॉनमध्ये काम करतो, सगळं लिहून घ्या. पीएफचं पासबुक आणि पगार जमा झालेलं बँक स्टेटमेंट काढून ठेवा. हे नोकरी सोडायच्या आधी करायचं, नंतर कोण दारात उभं करत नाही.

भाषेला घाबरू नका. आपली पोरं घरात मराठी, शॉपमध्ये कन्नड, बाहेरच्या पार्टीशी हिंदी बोलतात. जर्मनमध्ये प्रत्येक नामाला लिंग असतं, डेर-डी-डास, इंग्रजी माध्यमवाल्यांना जड जातं, आपल्याला तो-ती-ते जन्मापासून आहे (फक्त कुठला शब्द तो आणि कुठला ती, ते पाठच करावं लागतं). भावानं सेकंड शिफ्टला जायच्या आधी सकाळी ऑनलाइन क्लास केला आणि परीक्षेला रात्रीच्या बसनं पुण्याला मॅक्स म्युलर भवनला गेला. पैसे खर्च करायचे तर इथं करा.

एजंटचं सांगतो. आपल्या एमिग्रेशन ॲक्ट 1983 प्रमाणं परदेशी नोकरी लावणाऱ्याला लायसन्स लागतं आणि त्याला जास्तीत जास्त 30,000 रुपये अधिक जीएसटी एवढीच फी घेता येते. भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं नाव आहे का बघा. नसेल तर बोलणंच बंद करा.

भावाच्या पीएफ पासबुकात सातातली किती वर्षं दिसतात ते बघून इथंच लिहा, त्यावर पुढचं सांगतो.