समोरचा फुटबॉल संघ वाचताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पुढच्या फेरीत ज्या संघाशी गाठ आहे, त्याचा एकच सामना मला मैदानावर जाऊन बघता येणार आहे. कुठे बसू आणि काय काय टिपू?

उत्तर : मध्यरेषेसमोर, मिळेल तितक्या उंचावर. बाजूरेषेला खेटून बसलं की खेळाडू मोठे दिसतात, पण त्यांच्यातली अंतरं दिसत नाहीत. आणि तुम्ही अंतरं बघायलाच गेलेले असता. उंच जागा फक्त गोलच्या मागे असेल तर तीही चालेल. तिथून बचावफळीतल्या फटी छान कळतात, फळी किती पुढे सरकली आहे याचा अंदाज मात्र चुकतो.

अर्धा तास आधी पोहोचा. गोलरक्षकाचा भरवशाचा पाय कोणता, तो क्रॉस (कडेवरून गोलसमोर टाकलेला चेंडू) झेलायला पुढे येतो की रेषेवरच थांबतो, कॉर्नरचा सराव कोण करतंय, हे वॉर्म-अपमध्ये आयतं मिळतं.

पहिली दहा मिनिटं जर्सीचे नंबर आणि उभं राहण्याच्या जागा, एवढंच. मग पूर्वार्धात आधी त्यांच्याकडे ताबा असतानाचा खेळ बघा, नंतर ताबा नसतानाचा. उत्तरार्धात ताबा बदलल्यानंतरचे पहिले पाच सेकंद. चेंडू गेल्यावर ते तिथेच तुटून पडतात की मागे धावतात? चेंडू मिळाल्यावर पहिला पास पुढे जातो की बाजूला? यासाठी चेंडूवरून नजर काढावी लागते, आणि नव्या माणसाला तेच सगळ्यात जड जातं.

कागदावर सहा छोटी मैदानं आधीच आखून न्या, वाक्यांपेक्षा बाण लवकर काढून होतात. प्रत्येक नोंदीशेजारी मिनिट आणि त्या वेळचा स्कोअर लिहा. ७५व्या मिनिटाला १-० ने पुढे असलेला संघ मागे सरकून बसला, तर तो त्याचा स्वभाव असेलच असं नाही. स्कोअर न लिहिलेली वही नंतर हमखास फसवते.

प्रश्न : फॉर्मेशन (बचाव, मधल्या आणि पुढच्या फळीत किती जण, ती मांडणी) ओळखताना माझा गोंधळ उडतो. सुरुवातीला ४-३-३ वाटतं, थोड्या वेळाने ४-४-२. बरोबर कोणतं?

उत्तर : बहुधा दोन्ही. ताबा असताना एक आणि नसताना दुसरं, असे दोन आकडे वेगळे लिहा. चेंडू गेल्यावर दोन्ही विंगर (कडेने खेळणारे आघाडीपटू) मधल्या फळीच्या रेषेत उतरतात, मधल्या फळीतला एक जण स्ट्रायकरच्या (सगळ्यात पुढच्या खेळाडूच्या) शेजारी चढतो, की झालं ४-४-२. फॉर्मेशनला जरा जास्तच भाव दिला जातो. कोण जागा सोडून चढतं आणि ती जागा कोण भरतं, हे आकड्यापेक्षा कामाचं.

हे बघायला गोलकिक उत्तम. २०१९च्या नियमबदलापासून गोलकिकचा चेंडू पेनल्टी क्षेत्राबाहेर जाण्याआधीच सहकाऱ्याला घेता येतो, त्यामुळे बरेच संघ सेंटर बॅकना (मधल्या बचावपटूंना) गोलरक्षकाच्या दोन बाजूंना उभं करून तिथूनच खेळ रचतात. दडपण आल्यावर ते कोणाकडे लांब मारतात आणि उसळून खाली पडलेला चेंडू कोण उचलतं, तेही टिपा.

प्रश्न : मागच्या सामन्याआधी आम्ही ‘त्यांचा डावा फुलबॅक (कडेचा बचावपटू) मंद आहे’ असं हेरलं होतं. सामनाभर त्या बाजूने हल्ले केले, पण काहीच हाती लागलं नाही. असं का होतं?

उत्तर : कारण ती नोंद अर्धीच आहे. मंद फुलबॅक असलेला संघ ते जाणूनच असतो. शेजारचा सेंटर बॅक जवळ सरकून राहतो, पुढचा विंगर मदतीला उतरतो, किंवा तो फुलबॅक पुढे जातच नाही. तुम्ही सामनाभर त्याच्यावर धावून गेलात म्हणजे त्यांनी जिथे पहारा बसवलाय तिथेच गेलात.

नोंद कशी हवी ते सांगतो : ‘डावा फुलबॅक हल्ल्यात मध्यरेषेच्या बराच पुढे जातो. चेंडू गेला की डाव्या सेंटर बॅकला बाहेर यावं लागतं आणि दोन्ही सेंटर बॅकमध्ये मोठी फट पडते.’ आता तुमचं लक्ष्य फुलबॅक उरत नाही, ती फट उरते. चेंडू हिसकावल्यावर पहिला पास तुमच्या उजव्या विंगरला, आणि स्ट्रायकरची धाव फटीत. (त्यांची डावी म्हणजे तुमची उजवी, हे कागदावर ठळक लिहा. यात घोळ करून अख्खा आठवडा चुकीच्या बाजूचा सराव करणारे संघ असतात.)

दुबळेपणा बहुतेक वेळा ताकदीच्याच पोटात असतो. फुलबॅक वर चढतो म्हणून त्यांचे क्रॉस धोकादायक असतात आणि म्हणूनच मागची जागा मोकळी राहते. बचावफळी पुढे उभी राहते म्हणून प्रतिस्पर्धी ऑफसाइडमध्ये (पास येण्याआधीच फळीच्या पलीकडे असण्याच्या चुकीत) अडकतात, पण पास देणाऱ्यावर दडपण नसेल तर तीच फळी एका चेंडूत मोडते. म्हणून ‘फळी पुढे असते’ एवढ्यावर थांबू नका. त्या क्षणी पास देणाऱ्याला मान वर करायला वेळ मिळतोय का, आणि त्यांचा गोलरक्षक किती पुढे उभा असतो, तेही पाहा. प्रेसिंगचंही (चेंडू हिसकावायला तुटून पडण्याचंही) तसंच. ते कशावर तुटून पडतात? मागे दिलेला पास, फुलबॅकने स्वतःच्या गोलकडे तोंड करून घेतलेला चेंडू, की सुटलेला पहिला टच? इशारा कळला की तोच मुद्दाम देऊन त्यांना ओढता येतं, अर्थात पलीकडच्या मोकळ्या माणसापर्यंत चेंडू पोहोचवणारा पाय तुमच्याकडे असेल तर. नसेल, तर ही कमजोरी तुमच्या उपयोगाची नाही. यादीतून काढून टाका.

शेवटची चाळणी : एकदा दिसलं तो प्रसंग, तीनदा दिसलं ती सवय. आणि तुम्ही पाहिलेल्या सामन्यात समोर वेगवान विंगर नव्हताच, तर फुलबॅकची कसोटी लागलेली नाही, हेही लिहून ठेवा.

प्रश्न : टीव्हीवरचं चित्रण पुरेसं असतं का?

उत्तर : सेटपीससाठी (कॉर्नर, फ्री-किकसारख्या थांबलेल्या चेंडूवरच्या डावांसाठी) बऱ्यापैकी, बाकीसाठी अर्धवट. कॅमेरा चेंडूमागे जातो, पलीकडचा फुलबॅक आणि मागे उरलेले बचावपटू चौकटीबाहेर राहतात. तीन ते पाच सामने बघा. त्यात अगदी अलीकडचे दोन आणि तुमच्यासारखा खेळणाऱ्या संघाविरुद्धचा किमान एक हवा. लाल कार्डानंतरचा खेळ वेगळा काढा.

प्रश्न : कॉर्नर, थ्रो-इन आणि पेनल्टीची नोंद कशी ठेवावी?

उत्तर : दोन्ही बाजूंचे कॉर्नर वेगळे मांडा. चेंडू गोलकडे वळतो की बाहेर, गोलरक्षकाची वाट कोण अडवतं, खरी धाव कोणाची आणि फसवी कोणाची. ते बचाव करताना किती जण जागा राखतात आणि किती जण माणूस धरतात, पहिल्या खांबाशी कोण असतं, पेनल्टी क्षेत्राच्या कडेवर कोणी असतं का? त्यांच्या कॉर्नरला मागे किती जण थांबतात हा आकडा विसरला जातो; दोनच असतील तर तुमचा एक वेगवान खेळाडू मध्यरेषेवर ठेवणं परवडतं. थ्रो-इनमध्ये थेट ऑफसाइड नसतो, तेव्हा लांब फेकणारा कोण आहे ते आधीच कळायला हवं.

पेनल्टीच्या नोंदी ठेवा, पण त्यांच्यावर फार भिस्त नको. २००६च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत अर्जेंटिनाविरुद्ध जर्मनीचा गोलरक्षक येन्स लेमन मोज्यात चिठ्ठी घेऊन उभा होता. अर्जेंटिनाच्या कांबियासोची पेनल्टी त्याने अडवली, पण कांबियासोचं नाव त्या चिठ्ठीत नव्हतंच! पाच-सहा किकवरून दिशा सांगता येत नाही. धाव घेताना कोण थबकतो, कोण गोलरक्षकाच्या हालचालीची वाट बघतो, हे जास्त टिकाऊ असतं.

प्रश्न : त्यांचा सराव लपून पाहिला तर?

उत्तर : नको. २०१९मध्ये लीड्स युनायटेड या इंग्लिश क्लबला डर्बी काउंटी क्लबच्या सरावाजवळ माणूस पाठवल्याबद्दल दोन लाख पौंड दंड झाला आणि सामन्याआधीच्या ७२ तासांत प्रतिस्पर्ध्याचा सराव पाहण्यावर इंग्लिश फुटबॉल लीगने बंदी घातली. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये न्यूझीलंडच्या सरावावर ड्रोन फिरवल्याने कॅनडाच्या महिला संघाचे सहा गुण कापले गेले.

प्रश्न : माझा अहवाल बारा पानी होतो. खेळाडू वाचत नाहीत.

उत्तर : नाहीच वाचणार. बारा पानं प्रशिक्षकासाठी ठेवा. संघाला एक पान, त्यावर तीनच गोष्टी : ते आपल्याला कुठे दुखवतील, आपण त्यांना कुठे दुखवू, सेटपीसला कोण कोणाला धरेल. व्हिडिओचे आठ-दहा तुकडे, मिळून दहा मिनिटांच्या आत. विंगरला त्याच्यासमोरच्या फुलबॅकचे दोन तुकडे वेगळे दाखवा. आणि हे सामन्याच्या दोन-तीन दिवस आधी, म्हणजे मैदानावर करून बघता येतं. सामन्याच्या सकाळी दिलेली माहिती डोक्यातच राहते, पायात उतरत नाही.

प्रश्न : सामना सुरू झाला आणि त्यांनी वेगळाच संघ उतरवला तर?

उत्तर : खेळाडू यादी हाती आल्यावर आधी दोन जागा पाहा : मधल्या फळीत मागे राहणारा आणि स्ट्रायकर. हे दोघे बदलले तर बराचसा खेळ बदलतो. फुलबॅक बदलला तर सहसा नाही. मग पहिल्या दहा मिनिटांत त्यांची गोलकिक, तुमच्या गोलकिकवर त्यांचं दडपण आणि त्यांचा पहिला कॉर्नर, या तीन गोष्टी बाकावरच्या एकाने फक्त वहीशी ताडून बघायच्या. तीनपैकी दोन जुळल्या तर योजना तशीच चालू द्या. नाही जुळल्या, तर मध्यांतरापर्यंत साधा खेळ आणि नवी पाटी.