ट्रॅड क्लायंबिंगचं सामान न्यायला घरातली ५० लिटरची ट्रेकिंग सॅक चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : दोन वर्षं कृत्रिम भिंतीवर आणि बोल्ट मारलेल्या रूटवर चढलात, आता मित्राबरोबर निम्मे-निम्मे पैसे घालून ट्रॅड क्लायंबिंगचं, म्हणजे चढता चढता कातळाच्या भेगांत आपणच आधार बसवत जायचं, स्वतःचं सामान घेतलंय (भेगेत अडकवायचे धातूचे नट, भेगेत फाकून बसणारे फ्रेंड, रोप), आणि ते सह्याद्रीत न्यायला घरातली ५० लिटरची सॅक पुरेल की नवी घ्यावी.

पुरेल. जागा उरेलसुद्धा. खरी गोची तिथेच आहे.

मी एकदा सगळं सामान काट्यावर घातलं होतं. दहा मिलिमीटरच्या आसपासचा ६० मीटर रोप चार किलोच्या जरा आत. आठ फ्रेंड मिळून किलोभर. नटचा दहाचा सेट अर्धा किलो. बारा क्विकड्रॉ (आधारात रोप अडकवायच्या, दोन्ही टोकांना कॅराबिनर म्हणजे उघडझाप कडी असलेल्या छोट्या पट्ट्या) सव्वा किलो. स्लिंग (पट्ट्यांचे फास), लॉकवाले कॅराबिनर, बिले डिव्हाइस (चढणाऱ्याचा रोप धरून ठेवायचं साधन) हे किरकोळ वाटणारं सामानच दीड किलो निघालं. हार्नेस (कमर आणि मांड्यांना बांधायचा, रोप जोडायचा पट्टा), हेल्मेट, शूज आणखी दीड. शिवाय आपल्याकडे हातोडी आणि आठ-दहा पेग (भेगेत ठोकायचे खिळे) घेतल्याशिवाय सहसा भागत नाही, ते दीड. झाले सव्वाअकरा किलो. दोघांत वाटून घेतलं तरी माणशी तीन-साडेतीन लिटर पाणी आणि डबा धरून प्रत्येकाच्या पाठीवर दहा किलो येतात. एकट्याने उचललं तर पंधराच्या वर.

आता यातला धातू तेवढा बाजूला काढा. तो अंघोळीच्या एका बादलीत मावतो. म्हणजे वजन भरपूर आणि आकार एवढासा. ट्रेकिंगची सॅक बरोबर उलट्या सामानासाठी शिवलेली असते : स्लीपिंग बॅग, मॅट, कपडे, फुगीर आणि हलकं. तिच्यात हे लोखंड टाकलं की ते तळाशी जाऊन बसतं, वरची निम्मी सॅक पोकळ राहते आणि चालताना सगळं झोके घेत राहतं. (लोखंड म्हणायची आपली सवय. बहुतेक सगळं ॲल्युमिनियम असतं.)

मला हे लिंगाण्याला कळलं. मोहरीहून निघालं की बोराट्याच्या नाळेने खाली उतरावं लागतं, ती नाळ, म्हणजे डोंगरातली उभी घळ, नुसत्या धोंड्यांची रास आहे. माझ्याकडे तेव्हा ६० लिटरची सॅक होती, कारण दुकानात 'मोठी घ्या, कमी पडायला नको' असा सल्ला मिळाला होता. प्रत्येक धोंड्यावरून पाय खाली टाकला की सॅक अर्धा क्षण उशिरा खाली यायची आणि मला बाजूला ढकलायची. दहा-बारा वेळा गंमत वाटली, मग गुडघे बोलायला लागले. त्यात मी शहाणपणा करून नटचा सेट हाताशी असावा म्हणून बाजूच्या जाळीच्या खिशात ठेवला होता. आदल्या दिवशी जाळी करवंदीत अडकून उसवली होती, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. नाळेत कुठेतरी खण्‌ खण्‌ असा आवाज आला, मला वाटलं दगड गेला. लिंगाण्याच्या खिंडीत पोचून सामान काढलं तेव्हा खिसा रिकामा. परतीच्या वाटेवर दोघांनी पाऊण तास शोधलं. सेट मिळाला नाही, कुणाचा तरी जुना गंजलेला पेग मात्र मिळाला.

तेव्हापासून सॅक बघताना मी लिटरकडे शेवटी बघतो. आधी कापड.

कापडावर डेनियरचा आकडा असतो. तो म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, आकडा मोठा तितका धागा जाड. हलक्या ट्रेकिंग सॅक २१० डेनियरच्या किंवा त्याहून पातळ असतात. पेगची टोकं आणि नटच्या तारा आतून टोचतात, बेसाल्ट बाहेरून किसतो, त्यांच्यापुढे हे कापड एक हंगाम जेमतेम टिकतं. अंगाला ४२० ते ५०० आणि तळाला शक्यतो १००० डेनियर असेल ती सॅक घ्या. तीन-चारशे ग्रॅम वजन वाढतं, वाढू दे. तळाला दुहेरी कापड आहे का हे बोटांनी चाचपून बघा, कारण दिवसातून पन्नास वेळा आपण सॅक कातळावर आपटतो. आणि बाहेर जाळी, इलॅस्टिक, लोंबणारे पट्टे जितके कमी तितकं बरं. करवंदीची जाळी सॅकची किंमत बघत नाही.

आकाराचं म्हणाल तर ४० ते ४५ लिटर, अरुंद, वरून उघडणारी, दोरी ओढून बंद होणारी. रोप आत घालायचा नसेल तर वरच्या झाकणाखाली पट्ट्याने बांधता येतो, मग ३५ लिटरही चालते. पण आपल्याकडची लाल माती आणि गवताची कुसळं रोपात शिरतात, म्हणून मी आतच घालतो. पुढून पूर्ण चेन उघडणाऱ्या सॅक दिसायला सोयीच्या, सगळं सामान समोर मांडल्यासारखं दिसतं. पण मातीने चेन अडकली आणि दात निसटले की सॅक उघड्या पोत्यासारखी होते आणि तिथे डोंगरावर तिला कोण शिवणार? तरीही एका ठिकाणी ती मला पटते : बदामी. सोलापूरमार्गे रेल्वेने उतरायचं, गावातून चालतच कातळाशी जायचं, सॅक खाली उघडून ठेवायची आणि दिवसभर तिथेच चढायचं. तिथे कुणी साधी डफल बॅग घेऊन आलं तरी मी हसणार नाही. चाल दहा मिनिटांची आहे की तीन तासांची, यावर अर्धा निर्णय होतो, आणि सह्याद्रीत सहसा ती तासांचीच असते.

पाठीचं माप हा वेगळा विषय. मान खाली घातल्यावर मागे जे हाड ठळक लागतं तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या रेषेपर्यंत टेपने मोजून घ्या. सॅकची पाठ त्याला जुळली नाही, तर कमरेचा पट्टा पोटावर नाहीतर मांडीवर येतो आणि सगळा भार खांद्यांवर. उंच माणसाला मोठी सॅक आणि ठेंगण्याला छोटी, हा दुकानदारी हिशेब आहे. माझी मैत्रीण माझ्यापेक्षा चार इंच बुटकी आहे, पाठीचं माप दोघांचं एकच निघालं.

कमरेचा पट्टा काढता येणारा किंवा आत सारता येणारा असावा. सॅक पाठीवर असताना हार्नेस चढवावं लागलं की जाड गादीचा पट्टा त्याच्यावर येतो, हार्नेसवर सामान टांगायचे गियर लूप झाकले जातात आणि ऐन वेळी हवा तो फ्रेंड सापडत नाही.

दुकानात जाताना स्वतःचं सामान घेऊन जा. हे मी गंभीरपणे सांगतोय. मी रोप आणि सगळं लोखंड एका पोत्यात घालून गेलो होतो, तिथला मुलगा आधी माझ्याकडे आणि मग पोत्याकडे बघत राहिला. पण सॅक भरून त्या इमारतीचे तीन मजले चढलो-उतरलो आणि मनात पक्की केलेली सॅक परत ठेवली. उतरताना ती डोक्याच्या मागे लागत होती, वर बघताच येत नव्हतं. हेल्मेट घालून पण बघा. वर बघता न येणारी सॅक क्लायंबरच्या काय कामाची?

कंपन्यांचं विचाराल तर डेकॅथलॉनचा सिमॉन्ड हा क्लायंबिंगचाच ब्रँड आहे, त्यांच्या साध्या सॅकपासून सुरुवात करायला हरकत नाही. ब्लॅक डायमंडची क्रीक मालिका याच कामासाठी बनवलेली आहे, पण तेवढ्या पैशांत तुमचे आणखी दोन-तीन फ्रेंड येतील. मी असतो तर फ्रेंड घेतले असते.

भरायची कशी, ते बघा. तळाला रोप, गादीसारखा पसरून. त्याच्यावर, पाठीला चिकटून, धातू. पण सुटा नाही, जाड कापडाच्या वेगळ्या पिशवीत. पेग आणि हातोडी आणखी एका पिशवीत, नाहीतर हातोडीखाली फ्रेंड मिटवायच्या ट्रिगरच्या बारीक तारा वाकतात. बाजूला पाणी. सगळ्यात वर हार्नेस आणि हेल्मेट, हेल्मेटच्या पोकळीत शूज. पायथ्याशी पोचल्यावर काढायचा क्रमही हाच : आधी हेल्मेट, शेवटी रोप. हेल्मेट सॅकला बाहेर लटकवायची जी फॅशन आहे ती मला कधी कळली नाही. नाळेत दगड सुटतात, तिथे ते डोक्यावर पाहिजे.

आता एक गोष्ट जी तुम्ही विचारली नाहीत. ही सॅक पायथ्यापर्यंतच. सुळक्यावर ती नेऊ नका. दोघांत मिळून १८-२० लिटरची एक पातळ सॅक ठेवा, त्यात पाणी, प्रथमोपचार, टॉर्च, खाऊ. ती सेकंड, म्हणजे मागून चढणारा घेतो, लीड करणारा (पुढे चढणारा) मोकळा. चिमणीत, म्हणजे आत अंग शिरेल एवढ्या रुंद भेगेत, शिरायचं असेल तर पाठीवरून काढून स्लिंगने हार्नेसखाली लोंबती ठेवायची. 'मोठी सॅक मागून ओढून घेऊ' असं कुणी सुचवलं तर आपला कातळ आठवा. लाव्हाचे थरावर थर, मधेमधे बेचकी, गवताचे पट्टे, सुटे दगड. ग्रॅनाइटसारख्या लांब स्वच्छ भेगा इथे क्वचितच असतात, म्हणून तर नट-फ्रेंडच्या जोडीला पेग लागतात. अशा भिंतीवर ओढलेली सॅक दर दहा फुटांवर अडकते, आणि ती सुटते तेव्हा खाली बिले देणाऱ्याच्या डोक्यावर दगड घेऊन सुटते.

तुमची ५० लिटरची सॅक टाकू नका. रिकाम्या जागेत मॅट गुंडाळून उभी बसवा म्हणजे धातू हलत नाही, आणि पहिले पाच-सहा क्लायंब तिच्यावर काढा. कुठे फाटते ते कळलं की नवी कशी हवी ते आपोआप कळेल.

फक्त गाडीत ती कुठे ठेवता याकडे लक्ष द्या. नायलॉनला ॲसिड चालत नाही, आणि झालेलं नुकसान डोळ्यांना दिसेलच असं नाही. आम्ही एकदा भाड्याच्या जीपमध्ये मागे सॅक टाकली, तिथे जुनी बॅटरी होती. घरी आल्यावर सॅकच्या तळाला हाताएवढा फिकट डाग दिसला. आत रोप होता. रोप अगदी नवा दिसत होता, मऊ होता, कुठे खरचटलेलं नाही. बराच वेळ दोघं तो हातात फिरवत बसलो आणि मग सुरीने कापला. त्याचे तुकडे आता गच्चीवर कपडे वाळत घालायला आहेत.