सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, तरी छातीत धडधडतं आणि भीती जात नाही. काय करू?

तुम्ही लिहिलंय की ईसीजी दोनदा काढला, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाली, दोन्ही नॉर्मल. तरी रात्री पाठ टेकली की धडधड सुरू होते, तुम्ही घड्याळात ठोके बघता, 95 दिसले की घाबरता आणि पुन्हा बघता तर 110. वाचताना पोटात कालवलं. 2022 च्या पावसाळ्यानंतर मी हेच करत होते. माझ्याकडे तसलं घड्याळ नव्हतं, पण कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिमीटर उशीखाली असायचा.

मी नौपाड्यात राहते, नोकरी फोर्टला. आमच्या मजल्यावरचे एक काका सकाळी दूध आणायला खाली उतरले आणि जिन्यातच गेले. त्यानंतर पंधरा दिवसांत ठाण्याहून फास्ट लोकलमध्ये चढले असताना छातीत असं धडधडायला लागलं की घाटकोपरला उतरून बाकावर बसले आणि नवऱ्याला फोन केला, "मी काही घरी पोचत नाही." हॉस्पिटलात ईसीजी काढला. ठोके जलद, पण लय व्यवस्थित. "काही नाही, टेन्शन घेऊ नका," असं सांगून घरी पाठवलं. या वाक्याचा मला आजही राग आहे. काहीतरी होतं, म्हणून तर मी तिथे गेले होते.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायला लावलं. थायरॉइड ठीक, हिमोग्लोबिन 9.4. रक्त कमी असलं की तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त वेळा ठोके द्यावे लागतात. तुम्ही या दोन तपासण्या केल्याचं लिहिलेलं नाही, तेवढ्या करून घ्या. लोहाच्या गोळ्यांनी तीन महिन्यांत माझं रक्त 12 च्या वर गेलं, बसल्या जागी नव्वदीत असणारे ठोके 78 वर आले. भीती मात्र होती तिथेच होती.

तेव्हा डॉक्टरांनी एक केलं. मला दवाखान्याच्या इमारतीचे दोन मजले झपझप चढून यायला सांगितलं आणि लगेच नाडी मोजली. 138. "आत्ता घाबरलात?" मी म्हटलं, नाही. "का नाही? घाटकोपरला होते त्याहून जास्तच असतील." मला उत्तर सुचेना. जिना चढले म्हणून वाढले हे मला माहीत होतं, एवढंच. गप्पा मारता मारता पाच मिनिटांत ते 90 वर आले.

भीतीचं कारणही जिन्याइतकंच खरं असतं. मन घाबरलं की अ‍ॅड्रेनालिन रक्तात उतरतं आणि हृदय पळायला तयार होतं, तुम्ही गादीवर पडलेले असलात तरी. मग तुम्ही आकडा बघता, तो आकडाच नवी भीती होतो, आणि पुन्हा तेच. शिवाय सारखं लक्ष ठेवलं की साध्या गोष्टीही भयंकर वाटतात. श्वास घेताना ठोके किंचित जलद होतात, सोडताना संथ. डाव्या कुशीवर झोपलं की धडधड जास्त जाणवते. मध्येच एखादा ठोका 'चुकतो' तोही बहुतेक वेळा लवकर पडलेला ठोका असतो, त्यानंतरचा जरा उशिरा आणि जोरात येतो. निरोगी माणसांतही हे होतं.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी मानसोपचार घेतले. पहिलं काम होतं मोजणं कमी करायचं. दिवसातून वीस-पंचवीस वेळा मोजत होते, ते ठरलेल्या वेळी तीनदा, मग एकदा, मग ऑक्सिमीटर सासूबाईंच्या कपाटात. नवऱ्याला "हात लावून बघ ना" म्हणायचं नाही, गूगलवर लक्षणं शोधायची नाहीत. हे मोजण्याहून जड गेलं, पहिला आठवडा मी रडून काढला. दुसरं, जिने टाळायचे नाहीत. तलावपाळीला एक फेरी, मग दोन, मग भरभर, मग उपवनपर्यंत. मुद्दाम दम लागू द्यायचा आणि तो आपोआप खाली बसतो हे अंगाला कळू द्यायचं. रात्री श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचे, त्याने ठोके खरंच संथ होतात. सहानंतर चहा बंद केला.

पण सगळंच भीतीवर ढकलू नका. चक्कर येऊन शुद्ध हरपली, छातीत दाब येऊन हातात किंवा जबड्यात कळ गेली, बसल्या बसल्या धाप लागली, तर 108 ला फोन करा. धडधड बटण दाबल्यासारखी एकदम सुरू होऊन एकदम थांबत असेल किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर हृदयरोगतज्ज्ञांना तसं सांगा आणि 24 तासांचं होल्टर, म्हणजे दिवसभर ठोके नोंदवणारं छोटं यंत्र, लावायचं का ते विचारा. चुलतभावाची ठोके कमी करायची गोळी घेऊ का असं विचारलंय, ती अजिबात घेऊ नका. दमा असलेल्याला त्यातल्या काही गोळ्या धोक्याच्या ठरतात.

तुम्ही कळव्याचे, म्हणजे ठाणं जवळच. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990 मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था इथेच आहे. बाहेर पडणं जमत नसेल तर टेलि-मानसच्या 14416 वर फोन करा. मानसिक आरोग्यासाठीची सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. रात्री दोन वाजताही करा, संकोच नको.

किती दिवस लागतील, हे तुम्ही शेवटी विचारलंय. मला आठ-नऊ महिने लागले, मध्ये दोनदा मागे गेले. गेल्या महिन्यात ठाणे स्टेशनचा पूल चढून प्लॅटफॉर्मवर उतरले तेव्हा छाती धडधडत होती. गाडी आली, मी चढले.