कंबर बरी झाली, तरी कायरोप्रॅक्टरकडे जात राहायचं का?

या अंकासाठी आलेल्या पत्रांत कायरोप्रॅक्टरच्या (मणक्यावर आणि सांध्यांवर हाताने दाब देऊन उपचार करणाऱ्याच्या) 'मेंटेनन्स केअर'बद्दल, म्हणजे दुखणं ओसरल्यावरही ठरावीक अंतराने सुरू राहणाऱ्या उपचाराबद्दल, बरेच प्रश्न होते. त्यांतल्या चार प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न : वय ४४, कॉम्प्युटरवरची नोकरी, राहतो न्यू जर्सीत. दोन वर्षांत तिसऱ्यांदा कंबर धरली. कायरोप्रॅक्टरकडे महिन्याभरात आठ वेळा गेलो, आता दुखणं जवळजवळ नाही. तरी ते म्हणतात, दर सहा आठवड्यांनी येत राहा. हा गिऱ्हाईक टिकवण्याचा प्रकार तर नाही ना?

उत्तर : शंका रास्त आहे, पण तुमच्या बाबतीत हा सल्ला निराधार म्हणता येणार नाही. असा सल्ला देण्याआधी दोन गोष्टी पाहायच्या असतात. कंबर पूर्वीही वारंवार धरत होती का, आणि या खेपेला पहिल्या काही भेटींतच स्पष्ट उतार पडला का? तुमच्याकडे दोन्हींचं उत्तर 'हो' आहे. पहिल्यांदाच उसण भरली आणि चार भेटींत मोकळी झाली, तर मेंटेनन्सची गरज नाही. उलट, डझनभर भेटी होऊनही फरक नसेल तर तोच उपचार लांबवण्यात अर्थ नसतो, तिथे निदान पुन्हा तपासायला हवं.

यावरचा सर्वांत नेटका अभ्यास स्वीडनमधला, २०१८ साली प्रसिद्ध झालेला. वारंवार किंवा सतत कंबर दुखणारे, पण उपचाराने लवकर आराम पडलेले ३२८ लोक त्यात होते. एका गटाला आधी ठरवून, जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या अंतराने बोलावलं. दुसऱ्या गटाला सांगितलं, दुखलं की या. वर्षभर दर आठवड्याला मोबाइलवर एकच प्रश्न जायचा : गेल्या सात दिवसांत किती दिवस कंबरेने त्रास दिला? ठरवून जाणाऱ्यांना वर्षाला सरासरी १२.८ दिवस कमी त्रास झाला आणि त्यासाठी सुमारे दोन भेटी जास्त लागल्या. फायदा खरा, पण माफक. शिवाय आपण कोणत्या गटात आहोत हे रुग्णांना ठाऊक होतं, हेही लक्षात ठेवावं.

खरी मेख पुढे आहे. २०१९ मध्ये याच लोकांची मानसिक ठेवणीनुसार विभागणी करून आकडे पुन्हा पाहिले गेले. दुखण्याने आयुष्य व्यापलेलं, कामं अडलेली, आपल्या हाती काही नाही असं वाटणारे, यांना मेंटेनन्समुळे वर्षाला सुमारे ३० दिवस कमी त्रास झाला, आणि तोही साधारण तेवढ्याच भेटींत. दुखणं असूनही रोजचे व्यवहार नीट निभावणाऱ्यांचं मात्र उलट झालं. ठरवून जाणाऱ्यांनी सुमारे ११ दिवस जास्त त्रास नोंदवला आणि भेटीही जास्त झाल्या. म्हणून 'सर्वांनी महिन्याला एकदा' हा सरसकट नियम आम्हाला पटत नाही. तुम्ही दुसऱ्या प्रकारात मोडत असाल, तर 'दुखलं की या' हाच मार्ग बरा.

जायचं ठरवलंत तर घाई न करता अंतर वाढवत न्या : आधी चार आठवडे, मग सहा, मग आठ ते बारा. कॅलेंडरवर त्रासाच्या दिवसांवर फुली मारत चला. तीन-चार भेटींनंतर आधीच्या काही महिन्यांशी तुलना करा. फुल्या तेवढ्याच असतील तर थांबा. भेट म्हणजे नुसतं टेबलावर पालथं पडून कडकड आवाज काढणं नव्हे. गेल्या वेळेपासूनच्या त्रासाची चौकशी, वाकून-वळून हालचालींची तपासणी, गरजेपुरती हाताने चिकित्सा, व्यायामाची उजळणी, बैठक, झोप आणि ताणाबद्दल बोलणं हे सगळं त्यात यायला हवं. यातलं काहीच न होता पाच मिनिटांत बाहेर पडत असाल, तर तो मेंटेनन्स नव्हे.

प्रश्न : आई ७२ वर्षांची, अमेरिकेत मेडिकेअरवर (ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यावर) आहे. कायरोप्रॅक्टरच्या ऑफिसात तिच्याकडून एका फॉर्मवर सही घेतली आणि आता पैसे रोख मागतात. हे बरोबर आहे का?

उत्तर : बहुधा बरोबर आहे. मेडिकेअरचा पार्ट बी, म्हणजे डॉक्टरांच्या सेवांचा भाग, कायरोप्रॅक्टरच्या फक्त एकाच कामाचे पैसे देतो : मणक्यावर हाताने केलेली चिकित्सा, आणि तीही सुधारणा अपेक्षित असेल तोवर. बिलावर त्यासाठी 'एटी', म्हणजे 'उपचार चालू आहे', ही खूण लागते. प्रकृती स्थिरावली आणि आता आहे ते टिकवायचं आहे, असं झालं की मेडिकेअरच्या लेखी तो मेंटेनन्स ठरतो आणि खर्च रुग्णाचा. भेटींच्या ठरावीक आकड्यावर हे अवलंबून नाही. कायरोप्रॅक्टरने सांगितलेला एक्स-रे किंवा मसाजही यात बसत नाही.

तो फॉर्म म्हणजे अ‍ॅडव्हान्स बेनिफिशियरी नोटीस, 'मेडिकेअर याचे पैसे बहुधा देणार नाही' अशी आगाऊ सूचना. त्यावर कोणती सेवा, मेडिकेअर ती का नाकारेल आणि अंदाजे किती खर्च येईल हे लिहिलेलं असायला हवं. खाली तीन पर्याय असतात : सेवा हवी आणि बिल मेडिकेअरकडेही पाठवा, सेवा हवी पण बिल पाठवू नका, सेवाच नको. पहिला पर्याय निवडला तरच मेडिकेअरने नकार दिल्यावर अपील करता येतं. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. आईंचा मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेज (खासगी विमा कंपनीमार्फत मिळणारा) प्लॅन असेल तर नियम वेगळे असू शकतात, कार्डामागच्या नंबरवर विचारा.

प्रश्न : नाशिकमध्ये एका क्लिनिकने 'मणका सरकलाय' म्हणून ३६ सिटिंगचं पॅकेज दिलं, पैसे आगाऊ. दर तीन महिन्यांनी एक्स-रे. १४ सिटिंग झाल्या, आराम नाही. ते म्हणतात, मेंटेनन्समध्ये फरक पडेल.

उत्तर : थांबा. सहा ते बारा भेटींत फरक पडायला हवा होता. तो पडला नाही तर टिकवायचं काय?

'सरकलेला मणका जागेवर बसवला' हे वर्णनच चुकीचं आहे. कट् आवाज येतो तो सांध्यातल्या द्रवात दाब एकदम कमी होऊन वायूची पोकळी तयार झाल्यामुळे, हाड जागेवर बसल्यामुळे नाही. म्हणून सुधारणा मोजायची ती एक्स-रेवर नाही. ० ते १० पैकी दुखणं किती आणि बसणं, चालणं, उचलणं किती जमतं, यावर ती ठरते. ऑस्वेस्ट्री नावाची दहा प्रश्नांची प्रश्नावली त्यासाठीच आहे. तिच्यात गुण जास्त म्हणजे त्रास जास्त; सुरुवातीच्या गुणांत साधारण ३० टक्के घट झाली तर सुधारणा मानतात. प्रगती पाहण्यासाठी वारंवार एक्स-रे काढू नयेत, असं अमेरिकेतल्या कायरोप्रॅक्टरांची संघटनाच सांगते. कंबरेच्या एका तपासणीत छातीच्या एक्स-रेच्या दहा-पंधरा पट किरणोत्सर्ग होतो.

आपल्याकडे आणखी एक अडचण. डॉक्टरांसाठी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल आहे, फिजिओथेरपिस्टसाठीही राज्यात परिषद आहे, कायरोप्रॅक्टरसाठी तशी कायदेशीर नोंदणी नाही. त्यामुळे पदवी कुठली, किती वर्षांची, हे तुम्हालाच विचारावं लागतं. काही दिवसांच्या कोर्सचं प्रमाणपत्र आणि चार-पाच वर्षांची पदवी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तुम्ही आधी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. रात्री वाढणारं दुखणं, बारीक ताप, वजन उतरणं असेल तर लगेच. मणक्याचा क्षयरोग आपल्या भागात दुर्मीळ नाही आणि त्यावर हाताचा दाब देणं धोक्याचं आहे. जांघेत बधिरपणा, लघवी अडकणं किंवा पायातली ताकद जाणं असेल तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता इस्पितळ गाठा. उरलेल्या सिटिंगचे पैसे लेखी अर्ज देऊन परत मागा आणि पावत्या जपून ठेवा.

प्रश्न : मेंटेनन्सला पैसे नाहीत. दुसरं काय करता येईल?

उत्तर : चाला. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात नुकत्याच कंबरदुखीतून बऱ्या झालेल्या ७०१ जणांपैकी निम्म्यांना फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली टप्प्याटप्प्याने चालायला लावलं. कामात अडथळा आणणारं दुखणं परत यायला त्यांना मध्यगेने (म्हणजे निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) २०८ दिवस लागले, इतरांना ११२. लक्ष्य होतं आठवड्यातून पाच वेळा, दर वेळी ३० मिनिटं, आणि तिथे पोहोचायला सहा महिने. लोक चुकतात ते इथेच : पहिल्याच दिवशी पाऊण तास चालतात, तिसऱ्या दिवशी पोटऱ्या धरतात आणि बूट कोपऱ्यात जातात. १० मिनिटांपासून सुरू करा, मग हळूहळू वेळ वाढवत न्या. कंबर थोडी कुरकुरली तर वेळ कमी करा, बंद करू नका.